पाइप ऑर्गनमधील विद्युत संपर्क व संकेतवहन

पाइप ऑर्गनमधील विद्युत संपर्क ही वादकाने पट्टी दाबल्याची सूचना विजेच्या साहाय्याने नळीखालील झडपेपर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेची पहिली पायरी होय. पट्टीखालील धातूच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या की विद्युत मंडल पूर्ण होते, विद्युत चुंबक कार्यान्वित होतो, झडप उघडते आणि दाबाखालील हवा नळीत शिरून स्वर उमटतो. पट्टी सोडली की तारा विलग होतात व स्वर थांबतो. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत विकसित झाली. आज संपर्क आणि झडप यांच्यामध्ये रिले, इलेक्ट्रॉनिक मंडले किंवा संगणक असू शकतो. मात्र पट्टी दाबली आहे की नाही, हा मूळ प्रश्न तोच राहतो.

पियानोचा स्वर आघातानंतर आपोआप विरतो. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली असेपर्यंत एकाच जोराने चालू राहतो. त्यामुळे ऑर्गनमध्ये संपर्क जुळण्याइतकेच तो वेळेवर तुटणेही महत्त्वाचे असते. न जुळलेल्या संपर्कामुळे एक स्वर गळतो, तर न तुटलेल्या संपर्कामुळे तो स्वर संपूर्ण रचनेवर अखंड वाजत राहतो.

संज्ञा व मूलभूत रचना

मराठी संगीत रंगभूमीच्या संदर्भात ‘ऑर्गन’ हा शब्द बहुधा पायाने भाता चालवायच्या, पात्यांवर वाजणाऱ्या वाद्यासाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखातील पाइप ऑर्गन हे त्याहून वेगळे वाद्य आहे. त्यात स्वर पात्यांच्या पेटीतून नव्हे, तर लाकडाच्या किंवा धातूच्या स्वतंत्र नळ्यांतून निघतो. प्रत्येक स्वरासाठी व प्रत्येक ध्वनिप्रकारासाठी वेगळी नळी लागत असल्याने मोठ्या वाद्यात हजारो नळ्या असतात.

वादक ज्या ठिकाणी बसतो त्या भागास कन्सोल म्हणतात. कन्सोलवर हातांसाठी एकावर एक रचलेले एक किंवा अधिक कीबोर्ड, पायांसाठी पायपट्ट्यांची ओळ आणि ध्वनिप्रकार निवडण्यासाठी स्टॉप असतात. आधुनिक कीबोर्डमध्ये सामान्यतः ६१ पट्ट्या, तर पायपट्ट्यांच्या ओळीत ३० किंवा ३२ पट्ट्या असतात. एका कीबोर्डवरील पट्टीबरोबर दुसऱ्या विभागातील तोच स्वर, किंवा वरच्या अथवा खालच्या सप्तकातील स्वर वाजवणाऱ्या जोडणीस कपलर म्हणतात. काही हार्मोनियममध्येही सप्तकाचा कपलर असतो. ऑर्गनमधील कपलरची कल्पना तीच, व्याप्ती मात्र मोठी असते.

नळ्या ज्या बंद पेटीवर उभ्या असतात तिला वायुपेटी म्हणतात. पेटीत दाबाखालील हवा सतत भरलेली असते. पट्टी व वायुपेटीतील झडप यांना जोडणाऱ्या यंत्रणेला वहनयंत्रणा असे म्हणता येईल.

विद्युत वहनापूर्वीच्या पद्धती

हार्मोनियममध्ये पट्टी व झडप यांच्यात अंतर जवळजवळ नसते. पट्टीच्याच दुसऱ्या टोकाला झडप असते. पाइप ऑर्गनमध्ये नळ्या कन्सोलपासून अनेक मीटर दूर किंवा उंचावर असतात. पारंपरिक यांत्रिक पद्धतीत हे अंतर लाकडाच्या पातळ पट्ट्या, तरफा व फिरते दांडे यांनी सांधले जाते. या पद्धतीत बोटाची हालचाल थेट झडपेला जाणवते. परंतु झडप उघडताना तिच्यावरील हवेचा दाब बोटालाच पेलावा लागतो. वाद्य मोठे झाले, हवेचा दाब वाढला किंवा अनेक विभाग कपलरने जोडले की पट्ट्या अतिशय जड होतात.

या अडचणीवर पहिला प्रभावी उपाय इंग्रज यंत्रज्ञ चार्ल्स स्पॅकमन बार्कर याच्या वायवीय तरफेने दिला. या तरफेत पट्टी केवळ एक लहान झडप उघडते. तिच्यातून आलेली हवा छोटा भाता फुगवते आणि तो भाता जड यंत्रणा ओढतो. आरिस्तीद काव्हाये-कोल याने पॅरिसजवळील सें-दनी येथील १८४१ च्या ऑर्गनमध्ये ही तरफ वापरली. पुढे पट्टीची सूचना बारीक शिसेनळीतून हवेच्या दाबाने पाठवण्याची पद्धतही रूढ झाली. तिच्यात पट्ट्या हलक्या झाल्या, पण नळीची लांबी वाढेल तसा प्रतिसादाला विलंब होऊ लागला. अंतर कितीही असले तरी विलंब न होणारे माध्यम हवे होते आणि ते विजेच्या रूपाने उपलब्ध झाले.

इतिहास

फ्रान्समधील आल्बेर पेशार याने वीज व वायवीय तरफ यांचा संयोग साधला. त्याच्या योजनेत विद्युत चुंबकाने जड झडप स्वतः उघडायची नव्हती. वायवीय तरफ सुरू करण्यापुरती छोटी झडप हलवायची होती. त्यामुळे त्या काळातील दुर्बळ विद्युतघटांवरही काम भागू शकले. पेशार व बार्कर यांच्या सहकार्यातून १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये अशी वाद्ये उभी राहिली. पॅरिसमधील सेंत-ओग्युस्तँ चर्चमधील ऑर्गन त्यांपैकी एक होय. अमेरिकेत हिलबोर्न रूझवेल्ट याने या पद्धतीचा पुरस्कार केला व १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शतसांवत्सरिक प्रदर्शनात विद्युत वहनाचा ऑर्गन मांडला.

आरंभीच्या काळातील विद्युत वहन भरवशाचे नव्हते. विद्युतघट लवकर निकामी होत, संपर्कांवर ठिणग्या पडून धातू झिजे आणि ओलाव्यामुळे तारांचे आवरण खराब होई. या परिस्थितीत महत्त्वाचा बदल रॉबर्ट होप-जोन्स (१८५९–१९१४) याने घडवून आणला. तो व्यवसायाने दूरध्वनी अभियंता होता आणि बर्कनहेड येथील सेंट जॉन चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. दूरध्वनी केंद्रात हजारो मंडले अल्प प्रवाहावर, लहान संपर्कांतून चालवावी लागत. हीच शिस्त त्याने ऑर्गनमध्ये आणली: अल्प प्रवाहावर चालणारे लहान चुंबक आणि एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या गोल तारांचे संपर्क. दोन गोल तारा काटकोनात टेकल्या की स्पर्श जवळजवळ एका बिंदूत होतो. त्यामुळे थोड्या जोरानेही त्या बिंदूवर पुरेसा दाब मिळतो आणि धूळ साचायला जागा राहत नाही. बर्कनहेडच्या ऑर्गनचा कन्सोल केवळ लवचीक केबलने जोडलेला असल्याने तो हलवता येत असे. यांत्रिक वहनात अशी गोष्ट शक्य नव्हती.

होप-जोन्स १९०३ मध्ये अमेरिकेत गेला व १९१० मध्ये त्याचा व्यवसाय वुर्लिट्झर कंपनीकडे आला. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांसाठी बनवलेल्या वुर्लिट्झर ऑर्गनांमध्ये त्याच्या कल्पनांचा विस्तार झाला. विसाव्या शतकातील महाकाय वाद्ये विद्युत वहनाशिवाय उभीच राहू शकली नसती. फिलाडेल्फियातील वॉनामेकर ऑर्गनला सहा कीबोर्ड व २८,००० हून अधिक नळ्या आहेत, तर १९२९ ते १९३२ या काळात बांधलेल्या अटलांटिक सिटी येथील सभागृहाच्या ऑर्गनला सात कीबोर्ड व ३३,००० हून अधिक नळ्या आहेत.

संपर्काची रचना

पट्टीच्या संपर्कात दोन भाग असतात. एक भाग सर्व पट्ट्यांसाठी सामायिक असतो व तो वीजपुरवठ्याच्या एका टोकाला जोडलेला असतो. यास सामायिक दांडी म्हणतात. दुसरा भाग म्हणजे प्रत्येक पट्टीची स्वतंत्र, लवचीक तार. पट्टी खाली गेली की ही तार दांडीला टेकते. सामायिक दांडी पुरवठ्याच्या धन टोकाला जोडावी की ऋण टोकाला, याबाबत सार्वत्रिक नियम नाही. दोन्ही प्रकारची वाद्ये आढळतात. जुन्या वाद्याला नवे मंडल जोडताना सर्वप्रथम हीच गोष्ट तपासावी लागते.

संपर्कतारेच्या धातूकडून दोन वेगवेगळे गुण अपेक्षित असतात. ती लाखो वेळा वाकूनही पूर्ववत सरळ झाली पाहिजे आणि तिचा पृष्ठभाग स्वच्छ वाहक राहिला पाहिजे. फॉस्फर ब्राँझ लवचीकतेत उत्तम असते, परंतु त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. चांदीची वाहकता सर्वाधिक असली तरी हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे ती काळवंडते. सोने काळवंडत नाही, पण मऊ असते व ठिणग्यांनी लवकर उडून जाते. प्लॅटिनम टिकाऊ पण महाग असते. म्हणून अनेकदा लवचीक मिश्रधातूच्या तारेवर किंवा तिच्या टोकाला मौल्यवान धातूचा लेप देतात.

चांगला संपर्क केवळ टेकत नाही, तर टेकल्यावर किंचित घासत पुढे सरकतो. या घासण्याने प्रत्येक वेळी धूळ व काळपट थर पुसला जातो. नेहमी वाजणाऱ्या मधल्या सप्तकातील संपर्क त्यामुळे स्वच्छ राहतात, तर क्वचित वाजणाऱ्या टोकाच्या पट्ट्यांचे संपर्क अधिक वेळा दगा देतात.

पट्टीच्या प्रवासात संपर्क नेमका कोठे जुळावा, हेही महत्त्वाचे असते. पट्टी साधारणपणे १० मिलिमीटर खाली जाते. संपर्क प्रवासाच्या अगदी आरंभी जुळला तर बोटाचा ओझरता स्पर्शही स्वर काढतो. अगदी तळाशी जुळला तर जलद वादनात स्वर गळतात. म्हणून तो प्रवासाच्या सुमारे एक-तृतीयांश ते निम्म्या अंतरावर ठेवतात. सर्व पट्ट्यांचे संपर्क एकाच खोलीवर जुळले नाहीत, तर एकदम दाबलेले स्वरसमूहही विस्कळीत ऐकू येतात. चित्रपटगृहातील काही ऑर्गनांत पट्टी नेहमीच्या तळापेक्षा अधिक जोराने दाबल्यास दुसरा संपर्क जुळतो व अतिरिक्त ध्वनिप्रकार वाजतो.

आधुनिक वाद्यांत धातूच्या तारांऐवजी काचेच्या बंद नळीतील चुंबकीय स्विच, प्रकाशकिरण खंडित करणारे संवेदक किंवा हॉल परिणामावर आधारित संवेदक वापरले जातात. काचेतील स्विचला धूळ व ओलावा पोहोचत नाही. प्रकाशीय व हॉल संवेदकांत विद्युत संपर्क मुळातच नसल्यामुळे झीज होत नाही.

चुंबक व वीजपुरवठा

झडप उघडण्याच्या दोन पद्धती आहेत. विद्युत-वायवीय पद्धतीत चुंबक फक्त एक छोटे छिद्र उघडतो आणि झडप ओढण्याचे काम वायुपेटीतील दाबच करतो. थेट विद्युत पद्धतीत चुंबकाला जोडलेली झडप चुंबकच उघडतो. पहिल्या पद्धतीत चुंबक लहान व प्रवाह कमी असतो, पण चामड्याचे छोटे भाते काही दशकांनी बदलावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत चामडे नसते. मात्र प्रवाह अधिक लागतो.

वापरला जाणारा विद्युत दाब सामान्यतः १२ ते १६ व्होल्ट एकदिश असतो. चुंबकाचा रोध १०० ओहम व दाब १४ व्होल्ट असेल, तर ओहमच्या नियमानुसार प्रवाह ०.१४ अँपिअर होईल. एका चुंबकासाठी हा प्रवाह किरकोळ आहे. परंतु प्रत्येक नळीला स्वतंत्र चुंबक असलेल्या वाद्यात दहा पट्ट्या व १५ स्टॉप एकाच वेळी चालू असतील, तर १५० चुंबकांना मिळून २१ अँपिअर प्रवाह लागतो. इतका प्रवाह बारीक तारेत शिरल्यास तार तापून आवरण जळू शकते. कमी दाबामुळे माणसाला धक्का बसण्याची भीती नसते. आगीची मात्र असते. कापसाच्या आवरणाच्या जुन्या तारा आणि फ्यूज नसलेली मंडले असलेल्या वाद्यांत हा धोका विशेष असतो. त्यामुळे मंडलांचे लहान गट पाडून प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज देण्याची पद्धत आहे.

ठिणगी व तिचे निवारण

चुंबकाच्या वेटोळ्यात प्रवाह वाहत असताना चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने ऊर्जा साठलेली असते. संपर्क तुटताच प्रवाह एकाएकी थांबू पाहतो आणि वेटोळ्यात मूळ दाबाच्या कित्येक पट विरुद्ध दाब निर्माण होतो. त्यामुळे विलग होणाऱ्या तारांमध्ये ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म अंश जाळते. कालांतराने संपर्कावर खड्डे पडतात किंवा दोन्ही तारा वितळून चिकटतात.

यावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे चुंबकाला समांतर उलट्या दिशेने जोडलेला डायोड. नेहमीच्या स्थितीत त्यातून प्रवाह जात नाही. संपर्क तुटल्यावर मात्र वेटोळ्यातील प्रवाहाला या डायोडमधून फिरण्यास वाट मिळते व ठिणगी टळते. या उपायाची एक किंमत आहे: प्रवाह हळूहळू ओसरत असल्याने चुंबक किंचित उशिरा सुटतो. हा उशीर कमी करण्यासाठी डायोडबरोबर रोधक किंवा झेनर डायोड जोडतात.

स्टॉप, कपलर व रिले

एका पट्टीने एकच झडप उघडायची असेल, तर एक तार पुरेशी असते. प्रत्यक्षात एका पट्टीने निवडलेल्या अनेक स्टॉपांच्या नळ्या आणि कपलरने जोडलेले इतर विभागही वाजवायचे असतात. या मंडलांच्या तारा एकत्र बांधल्या, तर एका मंडलातील प्रवाह दुसऱ्या मंडलात मागच्या वाटेने शिरतो आणि न दाबलेले स्वर वाजू लागतात. म्हणून प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र संपर्क लागतो. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर अशा १२ जोडण्या असतील, तर ७३२ संपर्क लागतात.

हे सर्व संपर्क पट्टीखाली बसवले तर पट्टी जड होते. त्यामुळे पट्टीखाली एकच संपर्क ठेवून त्याने रिले चालवायचा आणि रिलेने एकाच वेळी अनेक संपर्क जुळवायचे, अशी योजना रूढ झाली. एकाच नळ्यांच्या रांगेतून अनेक स्टॉप काढणाऱ्या वाद्यांत रिले विशेष मोठे असतात. उदाहरणार्थ, ६१ स्वरांची रांग १६, ८ व ४ फूट अशा तीन स्वरपातळ्यांवर उपलब्ध करण्यासाठी तिला दोन सप्तकांच्या २४ नळ्या जोडून ८५ नळ्यांची रांग करतात. मग एकच पट्टी, निवडलेल्या स्टॉपनुसार, रांगेतील तीन वेगवेगळ्या नळ्यांपर्यंत पोहोचू शकते. स्वस्त डायोड उपलब्ध झाल्यावर उलट प्रवाह अडवण्याचे काम स्वतंत्र संपर्कांऐवजी डायोड करू लागले आणि खोलीभर पसरलेले रिले लहान पेटीत मावू लागले.

इलेक्ट्रॉनिक मंडलांशी जोडणी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पट्ट्यांची स्थिती पाळीपाळीने वाचून ती मोजक्याच तारांवरून पाठवण्याची पद्धत आली. त्यामुळे कन्सोलपासून वायुपेटीपर्यंत जाणाऱ्या शेकडो तारांच्या जुडीऐवजी एक बारीक केबल पुरू लागली. संगणकीय मंडल मात्र ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालते व अत्यल्प प्रवाह ओळखते, तर संपर्क व चुंबक १४ व्होल्टच्या जगातले असतात. या दोन जगांना जोडताना पुढील प्रश्न सोडवावे लागतात.

दाबाचे रूपांतर: १४ व्होल्टचा संकेत १० किलोओहम व ४.७ किलोओहम अशा दोन रोधकांच्या विभाजकातून घेतल्यास सुमारे ४.५ व्होल्ट मिळतात व ५ व्होल्टचे मंडल ते ओळखू शकते. चुंबकांमुळे उठणाऱ्या दाबाच्या उसळीपासून संगणक पूर्णपणे अलग ठेवायचा असेल, तर प्रकाशीय विलगक वापरतात. त्यात संकेत प्रकाशाच्या रूपाने ओलांडला जातो व दोन्ही मंडलांत विद्युत संबंध राहत नाही.

संपर्काला लागणारा किमान प्रवाह: वरील विभाजकातून जेमतेम एक मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. चुंबकाचा १४० मिलिअँपिअर प्रवाह तोडण्यासाठी बनवलेल्या जुन्या संपर्काला तो फारच कमी आहे. मोठ्या प्रवाहामुळे संपर्कावरील काळपट थर भेदला जात असे. अल्प प्रवाह त्यापुढे अडतो. परिणामी चुंबकासह बिनचूक चालणारे संपर्क इलेक्ट्रॉनिक मंडल जोडल्यावर अधूनमधून गळू लागतात. यावर संपर्कातून मुद्दाम अधिक प्रवाह जाऊ देतात. एक किलोओहमचा रोधक जोडल्यास १४ व्होल्टवर १४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि रोधकात केवळ ०.२ वॉट उष्णता निर्माण होते. नव्या बांधणीत अल्प प्रवाहासाठी सोन्याचा लेप दिलेले संपर्क वापरणे श्रेयस्कर ठरते.

संपर्काची उसळी: जुळताना लवचीक तार काही क्षण थरथरते व काही मिलिसेकंदांत अनेकदा जुळते-तुटते. जड चुंबकाला ही थरथर जाणवत नाही. संगणक मात्र ती स्वतंत्र आघात म्हणून मोजतो. त्यामुळे संकेत काही मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच तो ग्राह्य धरतात.

भासमान पट्टी: ६१ पट्ट्या आठ ओळी व आठ स्तंभांच्या जाळीत मांडल्यास ६४ जागा मिळतात आणि ६१ ऐवजी १६ तारांत काम भागते. परंतु जाळीतील आयताच्या तीन कोपऱ्यांवरील पट्ट्या एकदम दाबल्या, तर प्रवाह वळसा घेऊन चौथ्या कोपऱ्यावरील पट्टीही दाबल्याचा भास निर्माण करतो. ऑर्गनमध्ये अनेक पट्ट्या एकदम दाबणे हा नित्याचाच भाग असल्याने प्रत्येक पट्टीला स्वतंत्र डायोड देणे अपरिहार्य असते.

चुंबक चालवणे: संगणकीय मंडल स्वतः चुंबक चालवू शकत नाही, मध्ये ट्रान्झिस्टरांची गरज असते. यूएलएन २८०३ या प्रचलित एकात्मिक मंडलात आठ स्विच असतात. प्रत्येक स्विच ५० व्होल्टपर्यंत व कमाल ०.५ अँपिअर प्रवाहासाठी बनवलेला असून ठिणगी-निवारक डायोडही त्यातच असतात. हे मंडल चुंबकाचे ऋण टोक जोडते-तोडते. चुंबकांची ऋण टोके आधीच एकत्र बांधलेली असतील, तर त्याचा उपयोग होत नाही. तेथे धन बाजूने प्रवाह पुरवणारे मंडल घ्यावे लागते.

मिडी

मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांमधील संदेशवहनाची १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रमाण पद्धती आहे. तिच्यामुळे वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांशी जोडता येतात. तिच्यात १६ मार्ग व ० ते १२७ असे स्वरक्रमांक असतात. मध्य सप्तकाच्या ‘सी’ स्वराचा क्रमांक ६० आहे; त्यानुसार ऑर्गनच्या ६१ पट्ट्यांचे क्रमांक ३६ ते ९६ होतात. प्रत्येक कीबोर्डला व पायपट्ट्यांना स्वतंत्र मार्ग देतात. पट्टी किती वेगाने दाबली, हे सांगण्याची सोय मिडीमध्ये आहे. साध्या संपर्काला ते कळत नसल्याने तेथे ठरावीक मूल्य, बहुधा ६४, पाठवले जाते. स्टॉपसाठी मात्र सर्वमान्य संदेश नाही. त्यामुळे दोन भिन्न बांधणीच्या ऑर्गनांत पट्ट्यांचे संदेश सहज जुळतात, पण स्टॉपांचे संदेश जुळवून घ्यावे लागतात.

मूळ मिडी केबलवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका स्वराच्या तीन बाइटांच्या संदेशाला ३० बिट, म्हणजे सुमारे ०.९६ मिलिसेकंद लागतो. एका स्वरासाठी हा विलंब नगण्य आहे. परंतु दहा बोटांचा स्वरसमूह चार विभागांत मिळून ४० संदेश एका केबलवरून पाठवायचे असतील, तर पहिल्या व शेवटच्या स्वरात जवळजवळ ३८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. एकदम दाबलेले स्वर त्यामुळे किंचित पसरतात. म्हणून मोठ्या ऑर्गनांत अंतर्गत संदेशवहनासाठी अधिक वेगवान पद्धती वापरतात आणि मिडीचा उपयोग बाहेरील उपकरणे, मुद्रण व पुनर्वादन यांसाठी करतात. मुद्रित केलेले वादन वाद्याकडून पुन्हा वाजवून घेता येत असल्याने वादकाला श्रोत्यांच्या जागी बसून स्वतःचेच वादन ऐकता येते.

घटना व स्थिती

संदेशवहनाच्या पद्धतींमध्ये एक मूलभूत भेद आहे. मिडी घटना कळवते: ‘हा स्वर सुरू झाला’, ‘हा स्वर थांबला’. जुनी तार स्थिती कळवत असे. प्रवाह आहे तोवर स्वर आहे. घटना कळवणाऱ्या पद्धतीत थांबल्याचा एक संदेश हरवला, तर पट्टी सोडूनही स्वर वाजतच राहतो. पियानोसदृश ध्वनीत ही चूक लपून जाते. ऑर्गनमध्ये ती लपत नाही. यासाठी मिडीमध्ये सर्व स्वर थांबवण्याचा वेगळा संदेश आहे. ऑर्गनसाठी बनवलेल्या अनेक पद्धतींत सर्व पट्ट्यांची संपूर्ण स्थितीच दर सेकंदाला अनेकदा पुन्हा पाठवली जाते. त्यात एखादी फेरी बिघडली, तरी पुढची फेरी चूक आपोआप दुरुस्त करते.

स्पर्शाचा प्रश्न

विद्युत वहनावरील सर्वांत गंभीर आक्षेप संगीतविषयक आहे. यांत्रिक वहनात झडप किती वेगाने उघडावी व मिटावी, यावर वादकाचे काही प्रमाणात नियंत्रण असते. त्यामुळे स्वराचा आरंभ व अंत यांत सूक्ष्म भेद करता येतो. संपर्काला मात्र केवळ ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या यांत्रिक वाद्यांच्या बाजूने आल्बर्ट श्वाइट्झर (लेखन १९०६) यांच्यासारख्या अभ्यासकांनी मते मांडली. पुढे जर्मनी व आसपासच्या देशांत यांत्रिक वहनाचे पुनरुज्जीवन झाले. दुसऱ्या बाजूस, मोठ्या सभागृहातील विखुरलेले विभाग किंवा दूर ठेवलेला कन्सोल यांत्रिक वहनाला झेपत नाही.

अनेक आधुनिक वाद्यांत दोन्ही पद्धती एकत्र नांदतात: मुख्य कन्सोल यांत्रिक, तर कपलर किंवा दुसरा हलवता येणारा कन्सोल विद्युत असतो. विद्युत पट्टीला यांत्रिक पट्टीसारखा आरंभीचा अडसर जाणवावा म्हणून स्प्रिंग किंवा लहान चुंबक बसवतात. पट्टीची क्षणोक्षणीची जागा मोजून झडपही त्याच प्रमाणात हलवणाऱ्या यंत्रणाही विकसित झाल्या आहेत. वीज तात्काळ पोहोचली तरी ध्वनीला वेळ लागतोच: हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने ३४ मीटर दूरच्या नळीचा स्वर वादकाला दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. दूरस्थ कन्सोलवर वाजवणाऱ्याला कानापेक्षा बोटांवर विसंबून राहावे लागते.

दोष व निदान

विद्युत वहनातील दोष बऱ्याचदा त्यांच्या व्याप्तीवरून ओळखता येतात. एका स्टॉपमधील एकच स्वर वाजत नसेल, तर दोष त्या नळीत, झडपेत किंवा चुंबकात असण्याचा संभव असतो. सर्व स्टॉपांत तोच स्वर गळत असेल, तर पट्टीचा संपर्क संशयास्पद ठरतो. सलग आठ किंवा सोळा स्वर एकदम गेले, तर इलेक्ट्रॉनिक पट्टिकेचा एखादा गट किंवा जाळीतील तार तुटलेली असते. एक पट्टी दाबल्यावर शेजारचाही स्वर वाजत असेल, तर दोन संपर्कतारा एकमेकींना टेकल्या असाव्यात. पट्टी सोडूनही स्वर चालू राहिल्यास प्रथम चुंबकाचा पुरवठा तोडून पाहतात: स्वर थांबला तर दोष विद्युत मंडलात, न थांबला तर झडपेत असतो.

संपर्क स्वच्छ करताना खरखरीत कागद वापरल्यास मौल्यवान धातूचा पातळ लेप निघून जातो आणि संपर्क पूर्वीपेक्षा लवकर काळवंडतो. म्हणून मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने व योग्य द्रावकाने ते पुसतात.

जीर्णोद्धार

नळ्या शतकानुशतके टिकतात. विद्युत वहनयंत्रणा मात्र काही दशकांत कालबाह्य होते. त्यामुळे एकाच वाद्याच्या आयुष्यात ती अनेकदा बदलली जाते. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलमधील काव्हाये-कोलच्या १८६८ च्या ऑर्गनमध्ये प्रथम बार्कर तरफा होत्या. १९६० च्या दशकात त्याचे विद्युतीकरण झाले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी संगणकीय वहन आले. २०१९ च्या आगीतून हे वाद्य बचावले. शिशाची धूळ काढण्यासाठी ते उतरवून स्वच्छ करण्यात आले व डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रलबरोबर पुन्हा वाजू लागले.

अशा अनुभवांमुळे नवे मंडल बसवताना ते पुढे काढून टाकता येईल, याची काळजी घेतली जाते. जुन्या तारा कापण्याऐवजी जोडपट्टीवर समांतर जोडणी घेतात, प्रत्येक तारेचा विभाग, स्वर व रंग नोंदवतात आणि काढलेले संपर्क व रिले वाद्याजवळच जपून ठेवतात. आजचा संगणक निकामी होईल तेव्हा त्याचे सुटे भाग मिळतीलच असे नाही. पण कोणती तार कोणत्या नळीकडे जाते याची नोंद हाती असल्यास पुढील पिढीतील कारागीर त्यांच्या काळातील साधनांनी तोच स्वर पुन्हा वाजवू शकतात.